साडेनऊ बोटांची धून

तुम्हाला एका दमात किती वेळ फुंकता येतं? खरं सांगा. वीस आकडे? तीस? दिव्याची ज्योत हलणार नाही एवढी बारीक हवा सोडली, तरी पन्नासाच्या आत डोळ्यांपुढं काजवे चमकतील. केवळाबाई हातागळे पाऊण तास फुंकतात. वय एकाहत्तर, पुढचे तीन दात पडलेले, जिना चढताना गुडघ्यांच्या नावानं शिव्या, पण दम शाबूत. गालात हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकानं नवी आत घ्यायची, आणि या सगळ्या उलाढालीत सनईतला सूर केसभर हलू द्यायचा नाही.

सनई दोघांत वाजते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. एकजण धून वाजवतो. दुसऱ्याच्या सनईतून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर निघत राहतो. धून त्याच सुरावर उभी असते. लोक धून ऐकतात, धून वाजवणाऱ्याकडं बघतात. सूर धरणाऱ्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. तो थांबला, तरच कळतं की होता.

आता बाईमाणूस सूर धरायला कसं बसलं, ते ऐका. केवळाबाईंचे मालक शेषेराव हे हदगाव तालुक्यातले सनईवाले. मातंगाचं घर, बाप-आज्यापासून सनई. लग्नसराईत सात-आठ गावांची लग्नं त्यांच्या सनईवर लागायची. सूर धरायला त्यांचा धाकटा भाऊ होता, पण तो लातूरला बँडमध्ये. सराई लागली की यायचा, सराई संपली की जायचा. मग रोजच्या पहाटेच्या रियाजाला सूर कोण धरणार? शेषेराव ओसरीत बसायचे आणि आत केवळाबाई ओल्या तुराट्या पेटवत फुंकणीनं चूल फुंकत असायच्या. एका पहाटे शेषेरावांनी सनई खाली ठेवली आणि आत बघत राहिले.

“काय बघायलाव?” केवळाबाई म्हणाल्या.

“तुझा दम बघायलोय. कवापासून फुंकायलीस, थांबली न्हाईस.”

“थांबले तर भाकर तुमची आई करंल का?”

त्या दिवशी त्यांच्या हातातली फुंकणी गेली आणि सुराची सनई आली. बाहेर कुणाला सांगायचं नाही, एवढी अट. बाईनं सनईला तोंड लावलं म्हटल्यावर गाव हसलं असतं. तीस-पस्तीस वर्षं ही बाई पहाटे नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून सूर धरून बसली आणि गावाला पत्ता नाही. सनया दोन वाजतात की एक, हे कान देऊन ऐकायची गावाला गरज कधी पडली होती?

कारण शेषेराव काय वाजवतात याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतंच. वाजंत्री म्हणजे वाजंत्री. मांडवात जागा कुठं, तर चपलांच्या ढिगापाशी. जेवण कधी, तर पंगती उठल्यावर. त्याच माणसानं सकाळच्या लग्नाला सकाळचा राग आणि बोळवणीला बोळवणीचा राग न चुकता लावला, तर त्याला शास्त्रीय म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तेच एखाद्यानं शाल पांघरून गादीवर बसून वाजवलं असतं, तर माना डोलल्या असत्या. शेषेराव दोन हजार नऊ साली छातीच्या बिमारीनं गेले. गावच्या लोकांनी मोठ्या मनानं कबूल केलं, “चांगला वाजवायचा बिचारा.” त्यानंतर डीजे आला आणि तेवढंही कुणी म्हणेना.

केवळाबाई नांदेडला आल्या. एका शाळेत पोरांची खिचडी शिजवली, साठी झाल्यावर ते काम सुटलं, दोन खोल्यांचं घर राहिलं. दोन्ही सनया ट्रंकेत, लुगड्यात गुंडाळून.

तीन वर्षांखाली दिवाळी झाल्यावर लातूरहून आदिनाथ आला. त्या लातूरच्या भावाचा हा पोरगा. बापामागं बँडमध्येच लागला, लाल डगला घालून क्लॅरिनेट वाजवतो. त्यात फोनवर बघून बघून नोटेशन शिकला, चार वाद्यांची मांडणी कागदावर करायला शिकला. आल्या आल्या त्यानं फोन पुढं धरला.

“मोठी माय, हे बघ.”

“चष्मा कुठं हाय माझा... हां. कोण हाय गा ही? काळीभोर, देखणी. हातात व्हायलीन हाय का?”

“अमेरिकेतली हाय. हिच्या लोकांत शंभर-दीडशे वर्षांखाली लई मोठे संगीतवाले झाले. आपण शास्त्रीय म्हणतो तसलं संगीत लिहिणारे. पण गोरे लोक त्यांना थेटरात उभं करत नव्हते. वह्या पेटीत सडून गेल्या. आता हे लोक त्या वह्या हुडकून, त्यातली धून घेऊन नवं संगीत करून राहिलेत. अन् वाजवायच्या आधी उभं राहून नाव घेतेत, धून कुणाची म्हणून.”

केवळाबाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बघितलं.

“त्यांना बी चपलांपाशी बसवत होते काय?”

“तसंच समज.”

“मग आपलेच हायेत की. च्या टाकू का?”

चहा पिता पिता आदिनाथनं पोटातलं सांगितलं. मोठ्या बाबांच्या धुना घेऊन त्याला असंच नवं काही बांधायचं होतं. पण त्या अमेरिकेतल्या लोकांजवळ निदान वह्या होत्या. शेषेरावांनी आयुष्यात सहीपलीकडं काही लिहिलं नव्हतं. आदिनाथचा बाप गेला, त्याच्याबरोबर त्याच्या कानातलंही गेलं. 

“तुझ्या ध्यानात काही हाय का?” त्यानं भीत भीत विचारलं.

“मी काय, सूरच धरून होते,” केवळाबाई म्हणाल्या. “पण सूर धरणाराला दुसरं काम काय असतंय? ऐकणंच की.”

आणि त्यांनी कप खाली ठेवून गुणगुणायला सुरुवात केली. हळदीची धून. मग वाटेची, नवरदेव मांडवाकडं चालत येताना वाजते ती. मग बोळवणीची. दर रविवारी आदिनाथ लातूरहून एसटीनं यायचा, फोनवर भरून घ्यायचा, वहीत उतरवायचा. वर्षभरात अकरा धुना निघाल्या. अकराही शेषेरावांनी स्वतः बांधलेल्या. जुन्या, बापाकडून आलेल्या कोणत्या आणि घरात पहाटे जन्मलेल्या कोणत्या, हे या बाईला सांगायला पंडित लागत नव्हता. बाळंतपणाला ती हजर होती.

आदिनाथनं त्यातल्या चार धुनांवर वीस-बावीस मिनिटांची रचना बांधली. दोन क्लॅरिनेट, एक व्हायोलिन, बँडमधला तो मोठ्या पोटाचा युफोनियम आणि संबळ. बँडच्या पोरांकडून वाजवून, फोनवर भरून तो मोठ्या उमेदीनं नांदेडला आला. केवळाबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

“चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “पण हे तुझ्या मोठ्या बाबांचं न्हाई.”

“आता! सुरामागं सूर तूच सांगितलास की!”

“मी चढ सांगितला होता. तू पायरी करून ठेवलीस.”

आदिनाथनं जरा घसा साफ केला. “मोठी माय, रागाला येऊ नको. तो धैवत आला की तुझा गळा घसरतोय. खालच्या सुरावरून ओढत ओढत जातीस. तुझे दात पडलेत ना, त्यानं व्हत असंल. मी तेवढं नीट करून घेतलं.”

झालं. ज्या माणसानं हे वाक्य सत्तरीच्या मातंग बाईसमोर तिच्याच घरात म्हटलं, त्याची तब्येत नंतरही ठीक राहिली, हेच नवल.

“दात माझे पडलेत, मुडद्या! कान न्हाईत पडले! तीस वर्षं शेजारी बसून ऐकले. तू मला शिकवायलास का त्यांचा धैवत?”

त्यांनी ट्रंक ओढली, लुगडं सोडलं, शेषेरावांची सनई काढून पोराच्या मांडीवर ठेवली. आदिनाथनं भोकांवरून बोटं फिरवली. खालून पहिलं भोक मेणानं बुजलेलं होतं. मेण काळं पडून लाकडासारखं घट्ट झालेलं.

“हे काय?”

मग त्यांनी सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली शेषेराव एकाच्या शेतात मळणीला गेले होते. लग्नं नसली की पोटाला दुसरं काय? ज्वारीच्या पेंढ्या यंत्रात लोटताना उजव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट आत ओढलं गेलं. अर्धं बोट गेलं. तेच बोट त्या शेवटच्या भोकावर असायचं. दोन महिने त्यांनी सनईकडं बघितलं नाही. ओसरीत बसायचे आणि तुटका हात धोतराखाली लपवायचे. एका पहाटे केवळाबाईंनी मेणबत्तीचा तुकडा तव्यावर पातळ केला, ते भोक कायमचं बुजवलं आणि सनई पुढं ठेवली. म्हणाल्या, “एक सूर कमी झाला. बाकीचे काय माहेरी गेलेत?”

सनईची सगळी भोकं झाकली की खालचा पंचम निघतो. शेवटचं बोट उचललं की धैवत. ते भोक बुजल्यावर शेषेरावांना सरळ धैवत उरलाच नाही. त्यांनी मग दुसरी वाट काढली. पंचमावर जायचं, ओठ आवळायचे, दमाच्या जोरावर त्या पंचमाला कानाला धरून वर ओढायचं आणि धैवतापाशी नेऊन उभं करायचं. पहिलं वर्ष ते कसंतरीच वाजायचं. दुसऱ्या वर्षी त्याच ओढीला धरून त्यांनी पहिली धून बांधली. अकराच्या अकरा धुना त्यानंतरच्या.

आदिनाथनं सनई अलगद लुगड्यावर ठेवली. मग त्यानं वही काढली, सगळे धैवत खोडले आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नाव घातलं: साडेनऊ बोटं.

इथवर घरातली गोष्ट. आता बाहेरची. नांदेडात एक संगीत मंडळ आहे, पाडव्याला सकाळी गाण्याचा कार्यक्रम करतं. त्याचे सचिव उमाशंकरअप्पा. कापडाचं दुकान, महादेवाचे भक्त, पेटी हौसेनं वाजवतात, आणि कान खरोखर चांगला. त्यांनी आदिनाथची रचना ऐकून पाडव्याला वाजवायचं कबूल केलं. सगळं गोड. पण कार्यक्रमपत्रिकेचा नमुना फोनवर आला, तेव्हा त्यावर छापलं होतं: ‘मूळ धुना – पारंपरिक.’

हा शब्द नीट बघून घ्या. मोठ्या घराण्याच्या माणसानं बांधली की ती बंदिश. तिला नाव, गाव, गुरू, सगळं असतं. चपलांपाशी बसलेल्या माणसानं बांधली की पारंपरिक. जणू भिंतीतल्या पिंपळासारखी आपोआप उगवली.

आदिनाथ म्हणाला, “एकदा वाजू दे, मोठी माय. पहिल्यांदाच बोलवायलेत. नावाचं मागून बघू.”

“मागूनच जेवत आलो की आपण जिंदगीभर,” केवळाबाई म्हणाल्या. “सनई पिशवीत घाल. चल दुकानात.”

दुकानाच्या वरच्या मजल्यावर अप्पांनी त्यांना बघून गादीवरून उठून जागा केली. “या काकू, या. वर बसा, खाली न्हाई. थंड मागवू का?”

“थंड राहू द्या. अप्पा, हे पारंपरिक कोण?” अर्थ ठाऊक असूनही केवळाबाईंनी विचारलं. “कोणत्या गावचे? आमच्या ओसरीत तर कधी आले न्हाईत.”

अप्पा हसले. “काकू, पारंपरिक म्हणजे लोकांची धून. सगळ्यांची.”

“लोकांची कशी? लोक झोपले होते तवा मी सूर धरून बसले होते.”

अप्पांचं हसू जरा आवरलं. माणूस वाईट नव्हता, पण व्यापारी होता. कच्च्या कागदावर सही करायची त्यांना सवय नव्हती. “माझं ऐका. मी लहानपणी उदगीरला लग्नांत अशाच सनया ऐकल्यात. उद्या कुणी उठून म्हणालं, ही धून आमच्या आज्याची, तर मंडळानं काय करावं? तुमच्याजवळ काही सबूत हाय का?”

केवळाबाईंनी आदिनाथकडं बघून मान हलवली. त्यानं आधी क्लॅरिनेटवर ती वाटेची धून सरळ वाजवली, सगळे सूर नीट पायरीवर ठेवून. मग शेषेरावांची सनई काढली, तोंडाशी फुंकायची नवी पत्ती बसवली आणि तीच धून वाजवली. ओढीची, मोठ्या मायनं कित्येक रविवार घटवून घेतलेली. दुकानात साड्या बघणाऱ्या बायांनी माना वळवल्या. खालचा गल्लेवाला जिन्यात येऊन उभा राहिला.

अप्पांनी गादीशेजारची पेटी पुढं ओढून धैवत दाबून बघितला, पुन्हा पुन्हा. “हे दर वेळेला खालूनच का येतंय? एकदा बी सरळ न्हाई...”

आदिनाथनं सनई त्यांच्या हातात दिली. अप्पांनी बोटं ठेवली. शेवटचं बोट मेणावर पडलं. केवळाबाईंनी आपल्या उजव्या हाताचं ते बोट मधूनच मुडपून त्यांना दाखवलं आणि मळणीयंत्राची हकीकत दोन वाक्यांत सांगितली.

अप्पा मेणावरून अंगठा फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “दहा बोटांच्या माणसाला ही वाट सुचणारच न्हाई. त्याला काय गरज? ही धून दुसऱ्या कुणाची असूच शकत न्हाई.” त्यांनी पेन काढलं. “नाव सांगा त्यांचं. पुरं नाव.”

आदिनाथनं तोंड उघडलं, तसा केवळाबाईंनी हात आडवा केला.

आता हे समजून घ्या. त्या पिढीची बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. घरचे, हे, पोराचे मोठे बाबा, असं म्हणून जन्म काढते. केवळाबाईंनी ते नाव घेतलं होतं एकदाच, पन्नास वर्षांखाली, लग्नाच्या उखाण्यात, तेही बायांनी चिमटे काढले म्हणून. रेशनच्या दुकानात सुद्धा त्या कार्ड पुढं करायच्या, नाव वाचून घ्या म्हणायच्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला.

“शेषेराव,” त्या म्हणाल्या. मग एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की खालच्या गिऱ्हाइकांनी वर बघितलं. “शेषेराव हातागळे. हदगावचे. लिवा. अन् ते पारंपरिक खोडा आधी.”

अप्पांनी खोडलं. छापखान्याला तिथूनच फोन लावला. मग जाता जाता विचारलं, “सुराचं काय करायचं? तानपुरा ठेवू का इलेक्ट्रिकचा?”

“कशाला? मी काय मेले का?”

पाडव्याच्या सकाळी सभागृहात अडीचशे माणसं. बँडची पोरं लाल डगल्यातच बसली. आदिनाथचा तसा हट्टच होता. मधोमध खुर्चीवर केवळाबाई, हिरवं लुगडं, हातात सुराची सनई. आदिनाथ उभा राहिला, त्यानं मोठ्या बाबांचं नाव घेतलं, कुठं वाजवायचे ते सांगितलं, चपलांच्या ढिगाचं सुद्धा सांगितलं. समोरच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी खाली बघितलं. बघू देत.

रचनेच्या मध्यात एक जागा आहे. सगळी वाद्यं थांबतात आणि अर्धा मिनिट नुसता सूर राहतो. लोकांना वाटलं, संपलं. एकानं टाळी वाजवली, शेजाऱ्यानं त्याचा हात धरला. मग पहिल्यांदाच सगळं सभागृह सूर धरणाऱ्या माणसाकडं बघायला लागलं. फुगलेले गाल, मिटलेले डोळे, न हलणारा सूर. आणि मग खालून युफोनियमनं पंचम उचलला आणि हत्तीनं ओंडका ओढावा तसा धैवतापर्यंत ओढत नेला.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई गर्दीतून पुढं आल्या. महादेवी नाव, उमरीहून आलेल्या. त्यांनी केवळाबाईंचे हात धरले. “काकू, शहाण्णव साली उमरीला आमच्या लग्नात हेच सनईवाले होते. त्या ओढीवरून वळखलं मी. लग्नाची कॅसेट हाय आमच्याकडं. लावायला मशीन न्हाई म्हणून पडून हाय नुसती.”

आठ दिवसांनी आदिनाथनं ती कॅसेट उमरीहून आणली. तिला पांढरी बुरशी आलेली. स्टेशनकडच्या एका दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस खपून ती साफ केली, फोनवर उतरवून दिली. व्हिडिओवाल्यानं जवळजवळ सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवलेली. पण वऱ्हाड दाराशी येतं तेव्हा चार मिनिटं तो विसरला होता. एका कडेला फेट्याचा शेमला, दोन हात, एक बोट अर्धं. आणि सनई.

केवळाबाईंनी फोन नाकाशी धरला. चौदा-पंधरा वर्षांनी तो आवाज कानावर पडत होता.

“किती वाळले होते बघ,” त्या म्हणाल्या. मग कान टवकारून, “थांब. ही त्या अकरातली न्हाई. ही मी इसरूनच गेले होते, माय!” मग फोनवरच खेकसल्या, “अन् सावकाश की! सदानकदा घाई!”

आणि शेजारची सनई उचलून त्यांनी सूर धरला. चार मिनिटांनी फोन थांबला. त्या थांबल्या नाहीत.

ती बारावी धून. घरात पहाटे किती जन्मल्या होत्या, हे आता त्यांनाही नक्की सांगता येत नाही. पंचवीस म्हणतात, कधी तीस म्हणतात. बाकीच्या कुठं असतील? तुमच्याच घरात. हदगाव, उमरी, नांदेडच्या बाजूला एकोणनव्वद ते दोन हजार नऊच्या दरम्यान तुमच्याकडं लग्न लागलं असेल, तर पलंगाखालची पेटी काढा, कपाटावरचं गाठोडं सोडा. कॅसेट सापडली की तिला बुरशी आहे, पट्टी तुटली आहे म्हणून भंगारात देऊ नका. सनई ओळखायची काळजी तुम्ही करू नका, ते केवळाबाई करतील. तुम्ही फक्त ती कॅसेट आदिनाथकडं पोचवा, आणि जल्दी करा. बाईचा दम मोठा असला, तरी वय एकाहत्तर आहे. आदिनाथ दर रविवारी अजूनही नांदेडला येतो; आज रविवार असेल तर आजच शोधा.